स्फटिक, बीज आणि मळी : अ‍ॅल्युमिना-निर्मितीच्या मराठी वर्णनातील एक शब्दप्रश्न

शास्त्रीय गद्य हा आपल्या भाषाविभागांत उपेक्षित राहिलेला प्रांत आहे. कथा, कविता, नाटक ह्यांच्या भाषांतरांवर परिसंवाद होतात, प्रबंध लिहिले जातात. परंतु भट्टी, टाकी, गाळणी ह्यांच्याविषयीचे गद्य एखाद्या भारतीय भाषेत कसे उभे राहते, ह्याकडे साहित्याचा अभ्यासक सहसा पाहत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रांतातील एका लहानशा प्रश्नापुरता मर्यादित आहे. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना तयार करताना द्रावणात जी अनाहूत द्रव्ये येतात, ती स्फटिकांच्या घडणीवर परिणाम करतात. इंग्रजीत त्यांना इम्प्युरिटी म्हणतात. मराठीत काय म्हणावे? प्रश्न कोशकाराचा वाटतो; पण उत्तर चुकले तर प्रक्रियाच उलटी समजते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, संशोधक विद्यार्थी असताना, एका अ‍ॅल्युमिना कारखान्याच्या कामगार-प्रशिक्षण पुस्तिकेचे मराठी भाषांतर करण्याचे काम मजकडे आले. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण मानधन बरे होते आणि मजकूर चाळीसएक पानांचाच होता. अवक्षेपण विभागाच्या प्रकरणात एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, द्रावणातील इम्प्युरिटी आटोक्यात ठेवल्या नाहीत तर स्फटिक बारीक पडतात. मी लिहिले : ‘द्रावणातील अशुद्धी दूर करून ते शुद्ध करावे, अन्यथा स्फटिक बारीक होतात.’ वाक्य मला नेटके वाटले. पुढे छापील प्रतीवरून कामगारांसमोर वाचन झाले, तेव्हा एका वयस्क कामगाराने विचारले, “दूर करायची म्हंजे कुठं न्यायची, सर?” मी म्हणालो, काढून टाकायची. तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. “ती काढून संपत न्हाई,” तो म्हणाला. “तेच पाणी परत फिरून येतंय न्हवं, त्याच्यासंगं ती बी येती.”

त्याचे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या बिनचूक होते आणि माझे वाक्य शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे होते. ही चूक व्याकरणाची नव्हती, माहितीचीही पूर्णपणे नव्हती. ‘आटोक्यात ठेवणे’चे ‘दूर करणे’ मी केले, कारण ‘अशुद्धी’ हा शब्द लिहिल्यावर मराठीत दुसरे क्रियापद सुचतच नाही. अशुद्धी आटोक्यात ठेवावयाची नसते. ती घालवावयाची असते. शब्दाने क्रियापद ओढून आणले आणि क्रियापदाने प्रक्रिया बदलली.

२

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी प्रक्रिया थोडक्यात सांगितली पाहिजे. बॉक्साइट हा आपल्या कोकणातील जांभ्याचा जवळचा आप्त. उष्ण प्रदेशातील मुसळधार पावसाने खडकातील सिलिका व इतर विद्राव्य द्रव्ये युगानुयुगे धुऊन नेली, की मागे लोह व अ‍ॅल्युमिनियम ह्यांची जलयुक्त संयुगे उरतात. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन ह्याने १८०७ मध्ये मलबारातील दगड पाहून दिले. लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. बॉक्साइटचे नाव फ्रान्समधील ले बो ह्या गावावरून आले. प्येर बेर्त्ये ह्याने १८२१ मध्ये तेथील खनिजाचे पृथक्करण केले होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यात, हे खनिज आहे, आणि राधानगरी तालुक्यातील बॉक्साइटवर बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना चाललेला आहे. भारतातील इतर कारखाने मुरी, रेणुकूट, कोरबा, दामनजोडी अशा ठिकाणी उभे राहिले. म्हणजे एकच प्रक्रिया हिंदी, बंगाली, मुंडारी, छत्तीसगढी, ओडिया, कन्नड व मराठी बोलणाऱ्या माणसांच्या हातून होत आलेली आहे. ह्या माणसांनी आपापल्या भाषेत तिचे वर्णन कसे केले, ह्याचा अभ्यास झालेला मला आढळला नाही.

प्रक्रियेचा जनक कार्ल योझेफ बायर (१८४७-१९०४) हा ऑस्ट्रियन रसायनज्ञ. तो सेंट पीटर्सबर्ग येथे नोकरीस असताना १८८७ मध्ये त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. सोडियम अ‍ॅल्युमिनेटच्या स्वच्छ द्रावणात आधीच तयार असलेले अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड थोडे टाकून ढवळत राहिले, की आणखी हायड्रॉक्साइड त्यातून आपोआप बाहेर पडते. त्यापूर्वीच्या रीतीत द्रावणातून कार्बन डाय-ऑक्साइड सोडीत आणि जेलीसारखा, गाळण्यास व धुण्यास अवघड असा लगदा मिळे. बायरचे हायड्रॉक्साइड दाणेदार होते. त्याने ते शोधले ते धातूसाठी नव्हे. सुती कापडाच्या रंगाईत रंगबंधक म्हणून अ‍ॅल्युमिना लागत असे, त्यासाठी. पाच वर्षांनी, १८९२ मध्ये, दाबाखाली तप्त दाहक सोड्यात बॉक्साइट विरघळविण्याची रीत त्याने त्याला जोडली आणि प्रक्रिया पूर्ण झाली. तिचा सांगाडा आजही तोच आहे.

बॉक्साइट दळून दाहक सोड्याच्या द्रावणात शिजवितात. त्यातील गिब्साइट हे खनिज १४०-१५० अंश सेल्सियसच्या आसपास विरघळते. इतर प्रकारांना अधिक तापमान लागते. लोह व टिटॅनियम ह्यांची संयुगे विरघळत नाहीत. ती लाल गाळ होऊन खाली बसतात. वरचे स्वच्छ द्रावण सुमारे ७५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंत हळूहळू थंड करतात व त्यात बीज म्हणून गिब्साइटचेच बारीक स्फटिक सोडतात. दीड-दोन दिवसांत विरघळलेल्या अ‍ॅल्युमिन्यापैकी निम्म्याच्या आसपास भाग स्फटिकरूपाने बाहेर येतो. तो धुऊन १,००० अंशांच्या घरात भाजला, की पांढरा अ‍ॅल्युमिना मिळतो. उरलेले द्रावण, त्यातील निम्म्या अ‍ॅल्युमिन्यासकट, पुन्हा नव्या बॉक्साइटवर जाते.

बीज सोडण्याच्या क्रियेला मराठी वाचकाच्या मनात तत्काळ एक उपमा उभी राहते, ती विरजणाची. काल तयार झालेल्या दह्याचा अंश आजच्या दुधात घालावयाचा, आणि त्याने आजचे दूध कालच्यासारखे करावयाचे. उपमा चांगली आहे, पण दोन ठिकाणी फसवते. विरजणात सजीवांची वाढ असते. येथे बीजाचा स्फटिक केवळ आपला पृष्ठभाग देतो. आणि विरजण चमचाभर पुरते, तर अवक्षेपणाच्या टाकीत एका फेरीत पडणाऱ्या मालापेक्षा बीजाचेच वजन अधिक असते. इतके बीज लागण्याचे कारण ही क्रिया मुळातच मंद आहे. द्रावणात अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येक अणूभोवती चार हायड्रॉक्सिल गट असतात. गिब्साइटच्या स्फटिकात सहा. चारांच्या घरातून सहांच्या घरात जाण्यासाठी त्याला मांडणी मोडून नवी करावी लागते, आणि ती तयार पृष्ठभागावर जितकी सुकर होते तितकी मोकळ्या द्रावणात होत नाही. म्हणूनच त्या पृष्ठभागावर दुसरे कोणी येऊन बसले की सारे बिनसते. आपल्या शब्दप्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

३

द्रावण फिरते आहे, हे त्या कामगाराने सांगितलेले सूत्र धरून पुढे जावे. बॉक्साइटच्या प्रत्येक खेपेबरोबर सड्यावरील मातीतला पालापाचोळा, मुळे, कुजलेले वनस्पतिद्रव्य ह्यांचा अंश येतो. पृष्ठभागाजवळ तयार झालेल्या उष्ण प्रदेशातील बॉक्साइटमध्ये तो युरोपातील चुनखडीच्या प्रदेशातल्या बॉक्साइटपेक्षा सामान्यतः जास्त असतो. तप्त सोड्यात ह्या द्रव्याचे मोठे रेणू तुटत जातात. काही काळ द्रावणाला तपकिरी रंग देतात, मग आणखी लहान होतात आणि शेवटी ऑक्सॅलेट, फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, कार्बोनेट अशा क्षारांत त्यांची परिणती होते. एका फेरीत हे प्रमाण नगण्य असते. परंतु द्रावण वर्षानुवर्षे तेच असल्यामुळे नगण्याची बेरीज होत राहते.

सोडियम ऑक्सॅलेटचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. आळूची भाजी नीट न शिजल्यास घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्सॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. त्याच अम्लाचा सोडियम क्षार बायरच्या द्रावणात साठत जातो आणि मर्यादा ओलांडली की अवक्षेपणाच्या टाकीतच, गिब्साइटच्या सोबतीने, सुईच्या आकारात स्फटिकू लागतो. ह्या सुया नुसत्या शेजारी पडून राहत नाहीत. त्यांच्यावर गिब्साइटचे नवे सूक्ष्म कण जन्म घेतात. असलेले कण एकमेकांना चिकटून मोठे दाणे होण्याऐवजी बारीक कणांची संख्या वाढते. जो माल जाड रवाळ पडावयाचा, तो पिठासारखा पडतो. असा माल गाळणीवर नीट निथळत नाही, भाजताना उडतो, धातूच्या कारखान्यात नीट वाहत नाही. ४५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे प्रमाण किती, हा म्हणूनच अ‍ॅल्युमिन्याच्या खरेदीविक्रीतील एक कळीचा आकडा आहे.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदविली पाहिजे. द्रावणातील काही मोठे सेंद्रिय रेणू ऑक्सॅलेटलाच स्फटिकू देत नाहीत. मर्यादा ओलांडल्यावरही ते त्याला विरघळलेले राखतात. म्हणजे एक ‘अशुद्धी’ दुसऱ्या ‘अशुद्धी’ला धरून ठेवते, आणि पहिली फार स्वच्छ केली तर दुसरी अवचित बाहेर पडून घात करू शकते. ‘जितके शुद्ध तितके चांगले’ हे विधान ह्या टाकीत नेहमीच खरे ठरत नाही.

दुसरा वर्ग ह्याच्या उलट वागणाऱ्यांचा. ज्या रेणूंत शेजारीशेजारी अनेक हायड्रॉक्सिल गट असतात, उदाहरणार्थ ग्लुकोनेट किंवा टार्टरेट, ते गिब्साइटच्या बीजावर जाऊन बसतात आणि वाढीच्या जागा अडवितात. त्यांच्या थोड्याशा उपस्थितीने अवक्षेपण अतिशय मंदावते. टार्टरिक अम्ल म्हणजे चिंचेतील आंबटपणाचे प्रमुख कारण. साहित्याच्या वाचकाला एवढी ओळख पुरे. स्वयंपाकघरात ह्याचा एक दूरचा भाऊ आहे. गुलाबजामाच्या पाकात साखर पुन्हा धरू नये म्हणून लिंबू पिळतात. अम्लामुळे साखरेचा काही भाग तुटून वेगळ्या शर्करा तयार होतात आणि त्या साखरेच्या स्फटिकाची वाढ अडवितात. आपल्या आज्या ही ‘अशुद्धी’ जाणूनबुजून घालीत आल्या. पाक करणारीला लिंबू हवे असते आणि खडीसाखर करणाऱ्याला ते नको असते. द्रव्य तेच, परिणाम तोच, नाव मात्र हेतूप्रमाणे बदलते.

गुऱ्हाळाचे उदाहरण आणखी जवळ जाते. उकळत्या रसावर भेंडीचा चिकट रस घालतात; तो केरकचऱ्याला गोळा करून मळीच्या रूपाने वर आणतो आणि ती मळी काढून टाकतात. अ‍ॅल्युमिना कारखान्यांत लाल गाळ लवकर खाली बसावा म्हणून पूर्वी पिष्ट किंवा पीठ घालीत; पुढे कृत्रिम बहुवारिके आली. तत्त्व भेंडीचेच. परंतु पिष्ट स्वतः सेंद्रिय द्रव्य आहे. गाळ खाली बसवून झाल्यावर त्याचा जो अंश द्रावणात उरतो, तो तप्त सोड्यात तुटून पुन्हा त्याच सेंद्रिय साठ्यात भर घालतो. स्वच्छ करण्यासाठी घातलेले द्रव्य पुढच्या फेरीत अस्वच्छतेच्या बाजूला जमा होते. भाषांतर करताना ह्या पिष्टाला एका पानावर ‘शोधक’ आणि चार पानांनंतर ‘अशुद्धी’ म्हणण्याचा प्रसंग मजवर आला होता. मी तो टाळला, म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे वाक्यच गाळले.

इतर द्रव्यांविषयी थोडक्यात. खनिजातील मातीची सिलिका सोड्यात विरघळते आणि नंतर सोडियम-अ‍ॅल्युमिनियम सिलिकेट होऊन बाहेर पडते. जाताना महागडा सोडा व अ‍ॅल्युमिना दोन्ही घेऊन जाते आणि तापकनळ्यांच्या आत कठीण पापुद्रा धरते. चुना प्रक्रियेत अनेक कामांसाठी वापरतात, पण विरघळलेले अत्यल्प कॅल्शियमही गिब्साइटची वाढ मंद करते. सोडियम तर ज्या द्रावणात स्फटिक वाढतो त्याचाच घटक. तो स्फटिकाच्या आतच अडकून पडतो. बाहेरचा सोडा धुतल्याने जातो, आतला जात नाही. बाजारातील अ‍ॅल्युमिन्यात तो साधारण पाव ते अर्धा टक्का असतो. लोह व सिलिकॉन ह्यांच्याबाबत मात्र काटेकोर राहावेच लागते. पुढे तप्त क्रायोलाइटमध्ये विद्युत्-विच्छेदन करताना अ‍ॅल्युमिनियमच्या आधी हेच धातुरूपात येतात व धातूत मिसळतात; एकदा मिसळल्यावर त्यांना वेगळे काढणे फार अवघड. शुद्धतेचा आग्रह कोठे आवश्यक आणि कोठे भ्रामक, हे द्रव्यागणिक ठरते.

४

आता शब्दांकडे. मराठीतील पारिभाषिक लेखनात इम्प्युरिटीसाठी अशुद्धी, अशुद्धता, अपद्रव्य, मलद्रव्य असे शब्द आढळतात. चारही शब्द संस्कृतातून घडलेले व चारही नकारार्थी. ‘शुद्ध’ ह्या शब्दाचा मराठीतील संसार फार मोठा आहे. शुद्धलेखन, शुद्ध पक्ष, शुद्धीवर येणे, शुद्धिपत्र, प्रायश्चित्ताने होणारी शुद्धी. जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ ह्या नामाचा एक अर्थ रक्त असाही होता. इतका भार वाहणारा शब्द टाकीतल्या द्रावणाला लावला, की वाचक नकळत विधीच्या भाषेत विचार करू लागतो. विटाळ गेला की काम झाले. तो गेला कोठे, हा प्रश्न विधीच्या भाषेत येत नाही. कामगाराने तोच विचारला होता. आणि तो केवळ शब्दांचा प्रश्न नाही. अ‍ॅल्युमिन्याच्या प्रत्येक टनामागे साधारण तेवढाच किंवा त्याहून अधिक लाल गाळ निघतो आणि त्याला कायमची जागा लागते. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा दहा माणसे दगावली.

शेजारच्या भाषांत चित्र फारसे वेगळे नाही. हिंदीत अशुद्धि व अपद्रव्य आहेत. कन्नडमधील कल्मश आणि तमिळमधील मासु हे दोन्ही शब्द मळ आणि नैतिक दोष ह्या दोन अर्थांत ये-जा करतात. बंगालीत सोन्यातील हिणासाठी ‘खाद’ आहे. हा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो एका धंद्यातून आला आहे आणि त्याला सोनाराच्या तराजूची जाणीव आहे : खाद किती, हा प्रश्न त्यात अंगभूत आहे. आपल्या ‘हीण’ शब्दातही ती आहे. हिणकस सोने हे सोनेच असते, कमी कसाचे.

ह्या दिशेने पाहू लागल्यावर मराठीची खरी श्रीमंती दिसते. नको असलेल्या द्रव्याला मराठी एक नाव देत नाही. ते कोठे आढळते ह्यावरून नाव देते. उकळताना वर येते ती मळी. पाण्याखाली बसतो तो गाळ. भांड्याच्या तळाशी बसतो तो साका. भांड्याच्या अंगाला चिकटून राहते ते किटण. धातू वितळल्यावर निघते ते कीट. धातूतच राहते ते हीण. आणि माणूस मुद्दाम घालतो ती भेसळ. ह्या सात शब्दांत रसायनाचे जितके ज्ञान साठले आहे तितके ‘अशुद्धी’ ह्या एका शब्दात नाही. नळ्यांतील सिलिकेटचा थर म्हणजे किटणाचाच प्रकार. लाल गाळ म्हणजे गाळ. स्फटिकात अडकलेला सोडा म्हणजे हीण. तिन्हींना अशुद्धी म्हटल्याने तिन्हींवरील उपाय एकच असल्याचा भास होतो.

अर्थात ह्या शब्दांनाही मर्यादा आहे. विश्वकोशातील रसायनविषयक नोंदींत ‘अवक्षेप’ ह्या संज्ञेचा खुलासा ‘साका’ ह्या शब्दाने केलेला आढळतो. तो योग्यच आहे. परंतु बायरच्या टाकीतील अवक्षेप हाच माल असतो, आणि साका म्हटले की मराठी माणूस वरचे निवळ ओतून घेतो व साका फेकतो. येथे वरचे परत पाठवून खालचे ठेवावयाचे असते. घरगुती शब्द वापरावयाचा तर त्याच्या पाठोपाठ येणारी हातांची सवय तपासून घ्यावी लागते. आणि विरघळलेल्या ऑक्सॅलेटला, जे अद्याप ना वर आले आहे ना खाली बसले आहे, त्याला ह्या सातांपैकी एकही शब्द लागू पडत नाही. जे दिसत नाही त्याला लोकभाषेत नाव नसते.

भाषाशुद्धीच्या वादाची आठवण येथे कोणालाही होईल. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९२०-३०च्या दशकांतील सावरकर व माधव ज्यूलियन ह्यांच्यापर्यंत हा विचार मराठीत पुन्हा पुन्हा येतो. आणि ज्याने १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश रचला, त्यानेच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहावा, ही तर तौलनिक अभ्यासकाला मोहविणारी घटना. भाषा म्हणजे स्फटिक आणि परके शब्द म्हणजे त्यातील हीण, अशी उपमा करण्याचा मोह मला झाला होता. तो मी सोडला. स्फटिकाला एक ठरलेली मांडणी असते व तिच्याशी तुलना करून काय बाहेरचे ते सांगता येते. भाषेची अशी मांडणी कोणी पाहिलेली नाही.

५

एका ऐतिहासिक बाबीचा उल्लेख मात्र आवश्यक वाटतो, कारण तिच्यामुळे ‘स्फटिक’ हा शब्द ह्या प्रकरणात कोशकारांनी बाहेरून आणलेला नाही, हे स्पष्ट होते. अ‍ॅल्युमिनियम हे नाव लॅटिन ‘अ‍ॅल्युमेन’वरून, म्हणजे तुरटीवरून, आले. तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. आपल्या रंगाऱ्यांनी मंजिष्ठेचा लाल रंग कापडावर बसविण्यासाठी ती शतकानुशतके वापरली. बायरला हवा असलेला अ‍ॅल्युमिनाही रंगाईसाठीच हवा होता. संस्कृत रसग्रंथांत तुरटीला तुवरी, सौराष्ट्री आणि स्फटिका अशी नावे आहेत. पहिले नाव चवीवरून, दुसरे प्रदेशावरून, तिसरे रूपावरून. हिंदीतील ‘फिटकरी’ ह्या तिसऱ्याच्याच कुळातील. मराठीने चव घेतली, हिंदीने रूप घेतले. नागपुरात राहून पारिभाषिक शब्दांचा प्रचंड उद्योग करणाऱ्या डॉ. रघुवीरांनी अ‍ॅल्युमिनियमसाठी ‘स्फट्यातु’ हा शब्द घडविला, तो ह्याच धाग्यावर. शब्द रुजला नाही. पण तो निराधार नव्हता. त्याच नागपुरात १९८९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि ह्या धातूला तेथेही कोणी स्फट्यातु म्हणत नसावे.

दुसरा दुवा अधिक विलक्षण आहे. मेंडेलेयेव्हने १८७१ मध्ये आपल्या सारणीतील रिकाम्या जागांवरील अज्ञात मूलद्रव्यांना नावे देताना संस्कृत संख्यावाचकांचा आश्रय घेतला. अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या जागेला त्याने ‘एक-अ‍ॅल्युमिनियम’ म्हटले. १८७५ मध्ये ते मूलद्रव्य फ्रान्समध्ये सापडले आणि त्याचे नाव गॅलियम झाले. बॉक्साइटमध्ये गॅलियम अत्यल्प असते. ते सोड्यात विरघळते, अ‍ॅल्युमिन्याबरोबर फारसे बाहेर पडत नाही, आणि द्रावण फिरत राहिल्यामुळे ऑक्सॅलेटसारखेच साठत जाते. आज जगातील बहुतेक नवे गॅलियम ह्या बायर-द्रावणातूनच मिळवितात. अर्धवाहक उद्योगाला ते लागते. अ‍ॅल्युमिना करणाऱ्याच्या दृष्टीने ते बाहेरचे द्रव्य आहे; त्याला मलद्रव्य म्हणावयास कोणाची जीभ धजेल? ‘एक’ हा आपला शब्द वापरून मेंडेलेयेव्हने ज्या सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचे भाकीत केले, त्याच शहरात सोळा वर्षांनी बायरने बीजाचा गुण शोधला.

तेव्हा त्या पुस्तिकेतील वाक्य आज मला असे लिहावेसे वाटते : ‘द्रावण पुनःपुन्हा वापरले जाते, म्हणून बॉक्साइटबरोबर आलेली इतर द्रव्ये त्यात साठत जातात. ती सगळी काढता येत नाहीत, काढण्याची गरजही नसते. कोणते द्रव्य किती साठले आहे ह्यावर लक्ष ठेवावे. ऑक्सॅलेट मर्यादेबाहेर गेले की त्याच्या सुया पडतात आणि माल पिठासारखा बारीक येतो.’ वाक्य एकाचे चार झाले, ‘अशुद्धी’ नाहीशी झाली आणि ‘साठणे’ हे क्रियापद आले. सामान्य वर्णनात ‘सोबतची द्रव्ये’ किंवा ‘इतर द्रव्ये’, आणि विशिष्ट ठिकाणी गाळ, किटण, हीण ह्यांपैकी योग्य तो शब्द, अशी दुहेरी व्यवस्था मी सध्या विद्यार्थ्यांना सुचवितो. लोह-सिलिकॉनसंबंधी ‘अशुद्धी’ राहू द्यावी. तेथे ती खरोखर घालवावयाची असते.

एक शब्द मात्र अजून सुटलेला नाही. बीजाच्या पृष्ठभागावर बसून वाढ अडविणाऱ्या ग्लुकोनेटसारख्या द्रव्यांना इंग्रजी रसायनग्रंथांत स्फटिकवाढीचे ‘विष’ म्हटले जाते. मराठीत विष म्हटले की मारक परिणाम अपेक्षित असतो. येथे काही मरत नाही, केवळ थांबते. ‘रोधक’ हा शब्द कोशांत आहे, पण तो विजेच्या मंडलातील रोधाशी गोंधळतो. ‘अडसर’ चालेल असे वाटले होते. परंतु अडसर दाराला असतो आणि तो आपणच लावतो. कन्नड, ओडिया किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या अवक्षेपण-कामगारांत ह्यासाठी काही शब्द रूढ असल्यास तो प्रस्तुत लेखकास कळविण्याची कृपा वाचकांनी करावी.